गोटी सोड्याची बाटली आणि सोन्याची ओसाड गावे

आठवीच्या वर्गातला एक मुलगा एके दिवशी कापडी पिशवीत काहीतरी गुंडाळून घेऊन आला. मधल्या सुट्टीनंतर माझा इतिहासाचा तास होता. "सर, एक चीज लाया हूँ," असे म्हणत त्याने टेबलावर एक बाटली ठेवली. मातीने माखलेली, जाड हिरवट काचेची, गळ्याशी चिमटा काढल्यासारखी आत दबलेली. आत काचेची गोटी. घराच्या मागे संडासाचा नवा खड्डा खणताना चार-पाच फुटांवर ती सापडली होती.

"कित्ते साल पुरानी है, सर?"

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. इतिहासाची साधने तीन प्रकारची असतात, भौतिक, लिखित आणि मौखिक, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुले ते पाठ करतात. पण एक भौतिक साधन खरोखर टेबलावर येऊन उभे राहिले तेव्हा मला एक वाक्यही बोलता आले नाही. बी.एड.ला पाठ-टाचण काढायला शिकवले होते, बाटली वाचायला नव्हे. "कल बताता हूँ," म्हणून मी वेळ मारून नेली.

संध्याकाळी बाटली घरी नेऊन धुतली. काचेवर उठावाची इंग्रजी अक्षरे होती, झिजलेली पण लागत होती. डॅन रायलंड्स, बार्न्सली. बार्न्सली हे इंग्लंडच्या यॉर्कशायरमधले काचकामाचे आणि कोळशाचे गाव. आमच्या गावच्या मातीत यॉर्कशायरची काच कशी आली, या प्रश्नाचा माग काढता काढता मी फार लांब गेलो, थेट पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या सोनखाणींपर्यंत. ती हकिकत वाचकांना सांगावीशी वाटते.

तत्पूर्वी बाटलीविषयी. हिच्याशी माझे घरचे नाते आहे. माझ्या आजोबांचे, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, बाजारपेठेत सोड्याचे छोटे दुकान होते. लोखंडी चौकटीत बाटली अडकवायची, गॅसची नळी सोडायची आणि दांडा फिरवून बाटली उलटी करायची. गोटी आपल्या वजनाने तोंडाकडे घसरते आणि आतल्या वायूचा दाब तिला तोंडातल्या रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. बूच नको, तार नको. पाण्याचा जोरच स्वतःला कोंडून ठेवतो. पिताना लाकडी ठोकळ्याने गोटी आत ढकलली की फट्कन आवाज होतो. गळ्याची चिमटी गोटीला अडवून धरते, म्हणून ओतताना ती पुन्हा तोंडाशी येत नाही. ही युक्ती हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याची. त्याने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. बार्न्सलीच्या रायलंड्स घराण्याच्या कारखान्याशी त्याची भागीदारी झाली आणि १८८०च्या दशकात तो कारखाना डॅन रायलंड्सच्या हाती होता. इंग्रजी जहाजे जिथे जिथे गेली तिथे ही बाटली गेली. जपानमध्ये ती 'रामुने' झाली, उत्तर हिंदुस्थानात 'बंटा' आणि आपल्याकडे गोटी सोडा.

त्याच वर्षांत, म्हणजे १८९०च्या दशकात, ती पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातही पोचली. सप्टेंबर १८९२ मध्ये आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड या दोघांना कुलगार्डी येथे सोने सापडले. ५५४ औंस सोने घेऊन बेली नोंदणीसाठी सदर्न क्रॉस गावी पोचला आणि माणसांचा लोंढा सुटला. पुढच्याच वर्षी, जून १८९३ मध्ये, पॅडी हॅनन आणि त्याच्या साथीदारांना आजच्या कालगुर्लीच्या जागी सोने लागले. थोड्याच अंतरावर कनौना नावाचे गाव उभे राहिले. ऐन भरात कनौनाची वस्ती बारा हजारांवर होती असे सांगतात. सोळा हॉटेले, चर्चे, कालगुर्लीला जाणारी तासातासाची रेल्वे. १८९८ साली तिथल्या एका पाद्रीने प्रचंड मोठ्या सोन्याच्या गोळ्याची बातमी जाहीर केली आणि हजारो माणसे वेड्यासारखी धावली. गोळा कुणाला कधी दिसलाच नाही. सोने संपत गेले तशी माणसेही गेली. १९५० नंतरच्या काही वर्षांत गाव पार ओस पडले. आज तिथे रस्त्यांच्या रेषा, रेल्वेचा मोडका फलाट आणि स्मशानभूमी आहे. आणि मैलभर पसरलेल्या काचा.

काचा इतक्या का, याचे उत्तर पाण्यात आहे. त्या मुलखात गोड्या पाण्याची नदी नाही. तळी आहेत ती खारी. ते खारे पाणी उकळून, वाफ थंड करून पिण्याचे पाणी काढत. त्यासाठी आसपासची झाडे भट्ट्यांत गेली. पाणी मापाने विकत मिळे, आणि ते महाग असे. घाणीमुळे विषमज्वराची साथ आली आणि कुलगार्डीच्या दफनभूमीत तरुण माणसांच्या रांगा लागल्या. अशा ठिकाणी बाटलीबंद पेय चैन नव्हती. बिअर, जिंजरबिअर, सोडा, सरबत, औषध, लोणचे, जे काही सुरक्षित होते ते काचेत नाही तर डब्यात बंद होऊन बाहेरून येई. दूरच्या खाणीवरून रिकामी बाटली परत पाठवणे परवडत नसे. मग ती गावाबाहेरच्या उकिरड्यावर किंवा संडासाच्या खड्ड्यात पडे. माणसे जाताना सोने घेऊन गेली, घरांचे पत्रे आणि लाकूडही उचलून नेले. बाटल्या तेवढ्या राहिल्या.

अशा जागा हुडकून जुन्या बाटल्या काढणाऱ्यांची एक जमातच ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत आहे. १९६०-७० च्या दशकांत हा छंद फोफावला. या मंडळींकडून मी बाटली वाचायला शिकलो, हे कबूल केले पाहिजे. पहिली खूण म्हणजे काचेवरची साच्याची उभी रेघ. ती गळ्यापर्यंत येऊन तोंडाच्या खाली थांबत असेल तर तोंड बहुधा कारागिराने हाताने घडवलेले. रेघ थेट ओठावरून पार जात असेल तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्स या अमेरिकनाने १९०३ च्या सुमारास बाटल्यांचे स्वयंचलित यंत्र आणले, त्यानंतर हाताची फुंक मागे पडली. दुसरी खूण रंगाची. काच पांढरी दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात पडली की जांभळी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीज मागे पडले, म्हणून उकिरड्यावरचा जांभळा तुकडा साधारण त्याआधीचा समजतात. तिसरी खूण झाकणाची. आजही आपण ज्याला बिल्ला म्हणतो, ते दातेरी पत्र्याचे झाकण विल्यम पेंटरने १८९२ मध्ये पेटंट केले. विषाच्या बाटल्या निळ्या किंवा हिरव्या आणि खरबरीत कंगोऱ्यांच्या असत, रात्री अंधारात हाताला कळावे म्हणून.

औषधांच्या कुप्या वाचताना तर आपलाच इतिहास परत भेटतो. 'क्लोरोडाइन' नावाचे औषध त्या काळी घरोघरी असे. ते बनवले हिंदुस्थानातल्या लष्करात नोकरी करणाऱ्या डॉक्टर जॉन कॉलिस ब्राऊन यांनी, १८४८ च्या सुमारास, पटकीवर उपाय म्हणून. त्यात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजा असे. हिंदुस्थानच्या छावणीत जन्मलेले औषध ऑस्ट्रेलियाच्या खाणकामगाराच्या उशाशी होते. एक गंमत मात्र अशी, की गोटीच्या बाटल्या धड अवस्थेत कमी मिळतात. मुलांनी गोट्यांसाठी त्या फोडल्या! आमच्या दादांच्या दुकानामागेही आम्ही नातवंडे तेच करायचो. पोरे सगळीकडची सारखीच.

पण माझे मन अडकले ते दुसऱ्या प्रश्नात. ही काच त्या रानात आणली कुणी? रेल्वे कुलगार्डीला पोचली १८९६ मध्ये. त्याआधी, आणि त्यानंतरही रूळ नसलेल्या दूरच्या खाणींकडे, माल न्यायला घोडे आणि बैल होते, पण त्यांना पाणी लागे. पाण्यावाचून दिवसच्या दिवस चालेल असे एकच जनावर होते, उंट. आणि उंट हाकणारी माणसे होती आपल्या बाजूची. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून चोवीस उंट मेलबर्नला उतरले, तेव्हापासून ही वाट सुरू झाली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढच्या साठ वर्षांत सुमारे दोन हजार उंटवाले तिकडे गेले असा अंदाज आहे. कुणी अफगाणिस्तानचा, कुणी बलुची, कुणी पेशावरचा पठाण, कुणी पंजाबी, सिंधी, राजस्थानी. गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिले, 'अफगाण', आणि तेही तोडून 'घान'. बरेचसे तीन वर्षांच्या करारावर येत. बायकामुले मागे गावी.

एकेक उंट चार-पाचशे किलो ओझे घेऊन चाले. पीठ, पाणी, यंत्रांचे सुटे भाग, टपाल. स्वतः दारूला न शिवणाऱ्या कित्येकांनी बिअरच्या पेट्याही वाहिल्या असतील. ज्या खाणींना त्यांनी अन्नपाणी पुरवले, तिथे सोने खणण्याचा परवाना मात्र त्यांना मिळत नव्हता. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सोनखाणींच्या कायद्याने आशियाई आणि आफ्रिकी माणसाला तो हक्क नाकारला होता. त्यांतले कितीतरी जण ब्रिटिश हिंदुस्थानचे, म्हणजे त्याच राणीची प्रजा होते! १८९४ साली एका पाणवठ्यावर तंटा झाला. उंटवाल्यांनी पाण्यात पाय धुतले, पाणी नासवले, असा आरोप. एका गोऱ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. १९०१ चा प्रवेशबंदीचा कायदा आला तेव्हा तर दार जवळजवळ बंदच झाले. येणाऱ्याला युरोपीय भाषेतले शुद्धलेखन घालायचे आणि नापास करायचे, असा तो कायदा. मी स्वतः रोज मुलांना इमला, म्हणजे शुद्धलेखन, घालतो. त्याचा असाही उपयोग होतो हे वाचून खडू हातात धरवेना.

त्या माणसांचे आपापसातले जगही काही सरळ नव्हते, तेही लपवू नये. फैज मोहम्मद आणि ताज मोहम्मद हे दोघे भाऊ त्या मुलखातले उंटांचे मोठे व्यापारी. जानेवारी १८९६ मध्ये कुलगार्डीच्या साध्या मशिदीत पहाटेची नमाज पढताना ताज मोहम्मद यांचा खून झाला, आणि तो करणारा त्यांच्यातलाच एक होता. त्याला फाशी झाली. ताज मोहम्मद यांची कबर कुलगार्डीच्या दफनभूमीत आहे.

आता बाटल्या शोधणाऱ्यांच्या नजरेने पाहा. कनौनाच्या उकिरड्यावर कंपन्यांची नावे मिळतात, दारूच्या गुत्त्यांची, औषधवाल्यांची मिळतात. उंटवाल्याचे नाव कुठल्याच काचेवर उठावात कोरलेले नाही. त्याच्या मागे उरल्या पत्र्याच्या मशिदी, खजुराची झाडे, उंटाच्या नाकातली लाकडी वेसण, खोगिरे, कबरी. ब्रोकन हिलची पत्र्याची मशीद आज संग्रहालय आहे. पर्थ शहरातली मशीद १९०५-०६ मध्ये उभी राहिली ती बरीचशी त्यांच्याच वर्गणीतून. त्यांच्यावर मोठे प्रदर्शन मांडले गेले ते २००७ साली, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयात. मोटार आल्यावर मोकाट सोडलेल्या त्यांच्या उंटांची संतती मात्र लाखांनी वाढली आणि आजही त्या वाळवंटात फिरते आहे.

पाण्याचा प्रश्न सुटला तोही करुण रीतीने. सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याने पर्थजवळच्या मंडेरिंग धरणातून पाचशे किलोमीटरांहून लांब नळ टाकून, आठ पंपघरे बसवून, पाणी कालगुर्लीला चढवायची योजना आखली. वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. मार्च १९०२ मध्ये त्याने फ्रीमँटलजवळच्या समुद्रकिनारी स्वतःला गोळी घालून घेतली. जानेवारी १९०३ मध्ये पाणी पोचले. पण पाणी असले तरी खाण संपली की गाव संपतेच. ग्वालिया गावाची खाण, जिचा पहिला व्यवस्थापक हर्बर्ट हूव्हर पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, डिसेंबर १९६३ मध्ये बंद पडली. बाराशेच्या आसपास वस्ती तीन आठवड्यांत चाळिशीवर आली. कामगारांची पत्र्याची घरे आजही तिथे पाहायला मिळतात.

मग अशा ठिकाणची बाटली उचलावी की नाही? छंदिष्ट म्हणतात, आम्ही नसतो तर ती मातीत फुटून गेली असती. त्यात तथ्य आहे. पुराणवस्तू अभ्यासक म्हणतात, तुम्ही बाटली वाचवली पण साक्ष मारली. खड्ड्यातली बाटली कुठल्या थरात होती, तिच्याखाली काय, वर काय, शेजारी मुलाचा बूट होता की चिनी मातीचा तुकडा, यावरून घर कुणाचे, कमाई किती, आजार कोणता हे कळते. धड बाटली कपाटात गेली की उरते फक्त एक शोभेची वस्तू. अमेरिकेने १९७९ मध्ये कायदा करून सरकारी जमिनीवरचे शंभर वर्षांपूर्वीचे असे अवशेष परवान्याशिवाय काढायला बंदी केली. कॅलिफोर्नियातले बोडी हे ओसाड सोनगाव १९६२ पासून सरकारी उद्यान आहे. तिथून काही उचलले की दुर्दैव मागे लागते अशी वदंता आहे, आणि लोक खरोखरच खिळे, काचा, बाटल्या माफीच्या पत्रासह टपालाने परत पाठवतात. आपल्याकडेही १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षे हीच सीमा धरतो.

हे वाचताना मला दादांच्या दुकानाचा शेवट आठवला. आमच्या गावात एकदा दंगल झाली. दुसऱ्या दिवशी बातमीत ते ठरलेले वाक्य होते: दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्यांचा मारा. दादांच्या दुकानाचे फळकूट त्या दिवशी उघडलेच नव्हते. तरी पोलीस आले आणि भरलेल्या पेट्या घेऊन गेले. पंचनाम्यात लिहिले, "काचेच्या बाटल्या, हत्यार म्हणून वापरण्याजोग्या." दादांनी अंगठा दिला. पेट्या परत आल्या नाहीत. दुकान पुन्हा उघडले नाही. ज्या बाटल्यांनी वीस उन्हाळे अख्ख्या बाजारपेठेची तहान भागवली, हिंदूंची आणि मुसलमानांची, त्यांची कागदावरची एकमेव नोंद हत्यार म्हणून आहे. उद्या कुणी इतिहासकार तो कागद काढील तर त्याला काय कळेल?

वस्तू खोटे बोलत नाही असे आपण म्हणतो. पण वस्तू एकटी काढली, तिच्या जागेवरून तोडली, की तिच्या नावावर कुणी काहीही लिहू शकतो. उत्खनन म्हणजे तरी काय, एक प्रामाणिक पंचनामाच. जे जिथे आहे ते तिथे आहे असे लिहायचे, आणि सही करणाऱ्याला ते वाचून दाखवायचे.

आठवड्याने मी ती बाटली घेऊन वर्गात गेलो. तोवर एक भंगारवाला मुलाच्या वडिलांना तिचे पाचशे रुपये देऊ करून गेला होता. मी मुलांना कॉडची युक्ती दाखवली, साच्याची रेघ दाखवली, नकाशावर बार्न्सली, कराची आणि कनौना दाखवले. मग आम्ही सगळे त्याच्या घरामागे गेलो. खड्ड्याला सिमेंट लागले होते. पण काढलेल्या मातीचा ढीग अजून होता. मुलांनी तो चाळला. पाच गोट्या निघाल्या, एका बाटलीचा तुटका गळा, रबरी कड्याचा तुकडा, कपाचा कान आणि एक दातेरी बिल्ला. सगळे कागदावर मांडले, कुठे सापडले ते लिहिले, जे लिहिता आले नाही त्यासमोर रेघ ओढली. त्या मुलाची दादी दारात उभी राहून बघत होती. गोट्या पाहून ती म्हणाली, "यहाँ सोडेवाला रहता था बाबा, मेरे शादी के पैले. उसके पोट्टे दिनभर गोटियाँ खेलते थे."

भौतिक साधनाला मौखिक साधन मिळाले. लिखित साधन मुलांनी स्वतः तयार केले आणि खाली बावीस जणांनी सह्या केल्या, कुणी उर्दूत, कुणी मराठीत.

बाटली विकली गेली नाही. ती सध्या शाळेच्या कपाटात आहे, त्या कागदासकट. कागद काढून नुसती बाटली कुणाला द्यायची नाही, असे मुलांनीच ठरवले आहे.